अंतरपाट दूर होतो तेव्हा कुठं उभं राहायचं? लग्नातल्या कँडिड फोटोग्राफीविषयी

मराठी लग्नात मुहूर्ताची वेळ पत्रिकेत मिनिटासकट छापलेली असते. ती गाठायला शेकडो माणसं जमतात, आणि ती येण्याआधी प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ म्हणून सगळ्यांना जागं केलं जातं. इतकी पूर्वसूचना मिळूनही अंतरपाट दूर झाल्यावर वधूवरांनी एकमेकांकडं टाकलेली पहिली नजर कित्येक अल्बमांत सापडत नाही. तिथं असतो कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात, मामांच्या फेट्याची मागची बाजू, नाहीतर हार उंच धरून कॅमेऱ्याकडं बघत थांबलेली जोडी. कॅमेरा महागडा असूनही हे होतं, कारण फोटोग्राफर चुकीच्या जागी उभा असतो.

कँडिड फोटोग्राफी म्हणजे घडणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ न करता ती टिपणं. बातमीचे फोटो काढणाऱ्याची हीच शिस्त. मोर्चातल्या माणसाला तो ‘जरा पुन्हा एकदा घोषणा द्या’ असं म्हणत नाही, तसं इथं ‘आई, डोळे पुन्हा पुसा’ असं म्हणायचं नसतं. ‘माझ्याकडं बघू नका, खिडकीबाहेर बघून हसा’ असं सांगून काढलेला फोटो सुंदर असू शकतो, पण तो पोज दिलेलाच फोटो आहे. ओळखायची खूण सोपी: फोटोग्राफर तिथं नसता तर ही गोष्ट अशीच घडली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर फोटो कँडिड.

या पद्धतीची मुळं पत्रकारितेतच आहेत. बर्लिनमध्ये वृत्तछायाचित्रकार एरिक सॉलोमन यांनी १९२८ पासून छोटा कॅमेरा आणि त्या काळी अतिशय वेगवान समजली जाणारी, म्हणजे कमी उजेडातही चालणारी लेन्स वापरून कोर्टातले आणि राजनैतिक बैठकांतले फोटो फ्लॅशशिवाय टिपायला सुरुवात केली. अशा फोटोंना ‘कँडिड’ हा शब्द त्याच सुमारास चिकटला. लग्नाच्या बाजूनं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९९६ चं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न झालं. लाकडी चर्चमधून बाहेर पडताना नवऱ्यानं बायकोच्या हाताचं चुंबन घेतलं, तो क्षण फोटोग्राफर डेनिस रेजी यांनी टिपला. त्या एका फोटोनं लग्नाचे फोटो बातमीच्या फोटोसारखे काढता येतात हे जगभरच्या लोकांच्या मनात ठसवलं. आपल्याकडं आता पॅकेजमध्येच ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘कँडिड’ अशी दोन वेगळी माणसं लिहिलेली असतात.

ख्रिस्ती लग्नात जोडपं चर्चच्या मधल्या मोकळ्या वाटेनं चालत येतं, फोटोग्राफरला समोर जागा असते. आपल्याकडं वधूवरांभोवती गुरुजी, मामा, करवल्या, आईवडील आणि दोन डझन भाचरं असतात, आणि निम्मे विधी जमिनीवर पाटावर बसून होतात. त्यामुळं तिकडची युक्ती जशीच्या तशी इथं चालत नाही. इथं उपयोगी पडतं ते विधींचा क्रम पाठ असणं.

मुहूर्त

मुहूर्ताच्या आधीचा अर्धा तास बघा. नवरी पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढं बसलेली असते, अन्नपूर्णेवर अक्षता वाहत. खोलीत एखादी आजी, एखादी मैत्रीण, बाकी शांतता. दिवसभरात तिला एकटीला मिळणारा बहुधा हा एवढाच वेळ. त्याच वेळी बाहेर नवऱ्याचं आगमन चाललेलं असतं, बँड वाजत असतो आणि सगळे कॅमेरे तिकडं धावतात. एकच फोटोग्राफर असेल तर त्यानं आधीच ठरवावं: बाहेर दहा मिनिटं, मग सरळ गौरीहराकडं. वाजतगाजत येणाऱ्या नवऱ्याचे फोटो पन्नास मोबाइलवर मिळतील, गौरीहराचे कुणाकडंच मिळणार नाहीत.

तिथून मामा नवरीला मांडवात घेऊन येतो. त्याच्याआधी तुम्ही स्टेजवर पोचलेलं असायला हवं, कारण एकदा मंगलाष्टका सुरू झाल्या की वधूवरांभोवतीचं माणसांचं कडं बंद होतं आणि आत शिरता येत नाही.

आता जागा. अंतरपाट वधूवरांच्या मधोमध पडद्यासारखा धरलेला असतो. तुम्ही नवरीच्या मागं उभे राहिलात तर फक्त नवरा मिळेल, नवऱ्यामागं राहिलात तर फक्त नवरी. दोन्ही चेहरे एकाच चौकटीत हवे असतील तर अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत, म्हणजे कापडाची फक्त कड दिसेल अशा टोकाला उभं राहायचं. टोकं दोन. ज्या टोकाकडं कापड ओढलं जाईल तिथं उभे असाल तर ते तुमच्याच लेन्सवर येईल. प्रथेनं अंतरपाट उत्तरेकडं ओढतात. काही ठिकाणी तो नुसता खाली सोडतात. गुरुजींना विधी सुरू होण्याआधी नमस्कार करून विचारून घ्या, ते आनंदानं सांगतात, आणि पुढं दिवसभर तुमची अडचण ओळखून हात बाजूला घेतात.

मंगलाष्टकांना ठरलेली लय आहे. बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, एका मंगलाष्टकाला पाऊण ते एक मिनिट लागतो, आणि ‘सावधान’ या शब्दावर अक्षता पडतात. म्हणजे म्हणणं चालू असताना चेहरे टिपायचे: स्वतः रचलेलं मंगलाष्टक कागदावरून म्हणताना आवाज कापणारी आत्या, अंतरपाटाआड खाली मान घालून हसणारी नवरी. शेवटच्या चरणाला अक्षतांसाठी तयार व्हायचं. आणि गुरुजींच्या तोंडून ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हे शब्द आले की बाकी सगळं सोडून वधूवरांच्या चेहऱ्यावर फोकस ठेवायचा. तो श्लोक संपायला पंधरा-वीस सेकंद, मग वाजंत्री आणि अंतरपाट दूर. या खुणेची वाट बघणाऱ्याला नशिबाची गरज उरत नाही.

सेटिंगमध्ये इथं एक हमखास होणारी चूक आहे. अंतरपाट पांढरा आणि मोठा असतो, आणि तुम्ही त्याच्या रेषेतून जरा सरकलात की चौकटीच्या मधोमध येतो. कॅमेरा ऑटोवर असेल तर त्या पांढऱ्या कापडाला उजेड समजून तो सगळा फोटो काळवंडून टाकतो. कापड सरताच मागचे गडद कपडे दिसतात आणि पुढचे फोटो एकदम उजळ होतात. नेमक्या त्या दोन सेकंदांतल्या फोटोंचा उजेड असा वरखाली झालेला असतो. उपाय असा: मामा नवरीला घेऊन येताच तिच्या चेहऱ्यावरून उजेड मोजा आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) तिन्ही आकडे हातानं पक्के करा. बंदिस्त कार्यालयात अॅपर्चर एफ २.८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ ३२०० ही सुरुवात म्हणून चांगली.

लेन्स ३५ मिमीची. फुलफ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ २.८ ठेवून दोन मीटरवर फोकस केला तर साधारण ५५ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, दोन चेहरे त्यात बसतात. पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून कुणी ८५ मिमी एफ १.८ ला लावून उभा राहतो. तीन मीटरवर त्याला मिळतात जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे दोन चेहऱ्यांपैकी एक धूसर. शिवाय मुंडावळ्या. मान खाली घातली की त्या चेहऱ्यापुढं लोंबतात आणि ऑटोफोकस डोळा सोडून मोत्यांना धरतो. मुंडावळ्या बांधलेल्या असताना एफ २.८ पेक्षा लहान आकड्यावर जायचा मोह टाळलेला बरा.

अक्षतांचंही गणित आहे. वरून मीटरभर पडलेला तांदळाचा दाणा सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगानं जातो. १/१०० ला तो साडेचार सेंटिमीटरची रेघ होतो, १/५०० ला सेंटिमीटरभराची आणि १/१००० ला दाणा दाण्यासारखा दिसतो. अर्थात रेघाही वाईट नसतात, पावसासारख्या दिसतात. आपल्याला कुठलं हवंय ते आधी ठरवलेलं असावं, एवढंच. लेन्सला हूड (पुढं बसवायची संरक्षक कड) लावलेलं असू द्या, आणि अक्षता पडत असताना लेन्स अजिबात बदलू नका. तांदळाचा आणि कुंकवाचा भुगा कॅमेऱ्याच्या आत शिरला की उरलेल्या लग्नात आकाश आणि भिंतींवर काळे ठिपके दिसत राहतात.

कार्यालयाचा उजेड

मुहूर्ताइतकाच अवघड विषय म्हणजे मंगल कार्यालयातले दिवे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्या घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळं ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा तेजस्वी आणि मंद होतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. सलग दहा फोटो घेतले तर काही पिवळट, काही हिरवट, काही अर्धे गडद येतात, आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. कॅमेरा ठीक असतो, प्रत्येक फोटोला दिव्याच्या चढउताराचा वेगळा तुकडा मिळालेला असतो.

शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर चढउताराचा पूर्ण फेरा आत येतो आणि रंग स्थिर राहतात. बसून चाललेल्या विधींना १/१०० पुरतो. जलद हालचालीसाठी कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करा. तो दिवा सर्वात तेजस्वी असतानाच शटर सोडतो, फक्त सलग फोटोंचा वेग थोडा कमी होतो. स्टेजमागं एलईडीची मोठी भिंत असेल तर मात्र हा पर्याय पुरत नाही, कारण तिची लुकलुक कितीतरी जास्त वेगाची असते. तिथं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. साध्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीनं वाचतं, वाचता वाचता दिवे मिणमिणतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. कन्यादानाच्या फोटोवर पडलेले पट्टे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाहीत.

दुसरी अडचण मिश्र रंगांची. दारातून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिन (उजेडाचा रंग मोजायचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), झुंबरातले पिवळे दिवे ३००० च्या आसपास, स्टेजवर ‘पार’ (PAR) नावाचे झोत टाकणारे जांभळे दिवे. एकाच गालावर दोन रंग पडले की दोन्ही एकाच वेळी दुरुस्त होत नाहीत. सजावटवाल्यांशी आधी बोलून निदान विधी चालू असेपर्यंत जांभळे-निळे दिवे बंद ठेवायला सांगा. रिसेप्शनला लावू देत. कुटुंबानं सांगितलं तर हे सहज होतं, फोटोग्राफरनं ऐनवेळी सांगितलं तर होत नाही.

फ्लॅश वापरायचा तर थेट तोंडावर मारू नये. पांढऱ्या छतावर उसळवून वापरावा, १/१६ ते १/८ ताकदीवर. छताला गुलाबी किंवा लाल कापडाची झालर असेल तर उसळणारा उजेडही गुलाबी होतो आणि सगळं वऱ्हाड तापानं फणफणल्यासारखं दिसतं. अशा वेळी एक फ्लॅश स्टँडवर, हॉलच्या कोपऱ्यात, सात-आठ फूट उंच ठेवून रिमोटनं चालवणं बरं. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. हॉलभर मुलं पळत असतात.

व्हिडिओवाल्यांचा समोरून येणारा एलईडीचा झोत हे कायमचं दुखणं आहे. समोरून थेट आलेल्या उजेडात चेहऱ्याचा उठाव जातो, नाक-गाल सपाट होतात. भांडून काही होत नाही. सकाळी चहाच्या वेळीच ठरवून घ्यावं: दिवा चेहऱ्याच्या ४५ अंशांत आणि डोक्यापेक्षा उंच. याचा फायदा त्यांच्या व्हिडिओलाही होतो, म्हणून पटतं. ट्रॅडिशनल फोटोग्राफरला समोरची मधली जागा द्या, ती त्याची आहे. कँडिडवाल्याला बाजूच लागते.

पाटावरचे विधी

कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं खाली बसून किंवा वाकून चालतं. उभं राहून काढलेल्या फोटोत डोक्यांचे शेंडे आणि टोप्या येतात. म्हणून कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, स्वतः जमिनीवर बसा. यामुळं मागच्या पाहुण्यांनाही दिसतं आणि ओरडा बसत नाही. बूट आधीच काढून ठेवलेले असावेत.

कन्यादानात ओंजळीवरून पाण्याची धार पडते तेव्हा सगळे जण ती धारच टिपतात. ती घ्याच, १/५०० ला. पण धार मिनिटभर तरी चालते, आणि त्याच मिनिटात वडिलांचा चेहरा वर असतो. दोन-तीन फोटो हातांचे झाले की कॅमेरा वर न्या आणि तिथंच थांबा. मंगळसूत्राच्या वेळी मागं जाऊन गाठ टिपणारे पुष्कळ. गाठीचा फोटो काढल्यास चेहरे हुकतात. नवरीच्या समोरून थोडं तिरकं राहिलं तर तिची झुकलेली मान आणि मागं गाठ मारताना गोंधळलेला नवरा, दोन्ही एकत्र येतात.

‘मुलीचा भाऊ कुठंय?’ अशी हाक आली की सावध व्हा. लाजाहोमात लाह्या देणं आणि मग नवऱ्याचा कान पिळणं, दोन्ही त्याचंच काम. कानपिळी दोन-तीन सेकंदांत संपते. हाक ऐकू आल्यापासून भाऊ गर्दीतून येईपर्यंत अर्धा मिनिट मिळतो, तेवढ्यात नवऱ्याच्या ज्या बाजूला भाऊ बसणार तिच्या समोर जाऊन बसायचं. होमाच्या धुरात ऑटोफोकस भरकटतो, म्हणून फोकसचा बिंदू चेहऱ्यावर हातानं ठेवा. फ्लॅश बंद करा, कारण तो धुरावर पडला की पांढरा पडदा तयार होतो. मागून येणारा खिडकीचा उजेड सापडला तर तोच धूर फोटोचं सौंदर्य ठरतो.

हळदीला वेगळीच गंमत. सकाळचा उजेड, अंगणात पाच सवाष्णी, आंब्याची पानं. चौकटभर पिवळा रंग असला की ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) तो ‘सुधारायला’ जातो आणि कातडीवर राखाडी-निळी झाक येते. ५२०० ते ५६०० केल्व्हिनवर पक्का करून ठेवावा. बहुतेक घरांत पाय, गुडघे, खांदे, कपाळ असा हळद लावायचा क्रम असतो, काही घरांत उलटा. पहिल्या सवाष्णीकडं बघूनच तो कळतो, आणि मग पुढच्या प्रत्येकीचा हात कपाळापाशी कधी पोचणार हे आधी ठाऊक असतं. उजव्या हातानं लावणाऱ्या बाईचा हात चेहरा झाकतो, म्हणून तिच्या डाव्या बाजूला राहा. कॅमेऱ्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून ठेवा. हळदीचे हात फोटोग्राफरपर्यंतही पोचतात.

सगळ्यांची नजर स्टेजकडं असताना अधूनमधून पाठ फिरवून हॉलकडं बघत जा. नातीच्या लग्नात विधींपासून लांब, मागच्या खुर्चीत बसलेली आजी, शेवटची पंगत उठेपर्यंत उभा असलेला काका, वाढपी, सनईवाले. अनेक घरांत विधवा आई किंवा आत्या अजूनही आपणहून मागं थांबते. अल्बम उघडल्यावर कुटुंबाला तिचा फोटो शोधावा लागू नये. पाठवणीच्या वेळी मात्र जवळ जाऊ नये. ८५ मिमी लावून दहा-बारा फुटांवरून, फ्लॅशशिवाय, आयएसओ ६४०० पर्यंत गेला तरी चालेल. जास्त आयएसओमुळं फोटोत रवाळपणा (नॉइज) दिसला तर दिसू दे. गळ्यात पडून रडणाऱ्या मायलेकींच्या तोंडावर फ्लॅश मारण्याइतका कुठलाच फोटो मोलाचा नसतो.

नंतरचं काम, आणि आधीचं

दिवसभरात दोन कॅमेऱ्यांवर मिळून तीन ते पाच हजार फोटो होतात. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबीची, म्हणजे तीन हजारांना ८० जीबीच्या आसपास. दोन कार्ड बसणारा कॅमेरा असावा आणि दोन्हीवर एकाच वेळी नोंद व्हावी. कार्ड एकच असेल आणि ते बिघडलं तर लग्न पुन्हा लावता येत नाही. घरी आल्यावर झोपायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, आणि अल्बम हाती पडेपर्यंत कार्ड रिकामं करायचं नाही.

निवड करताना चारशे ते सहाशे फोटो पुरेत. एकाच प्रसंगाचे दहा फोटो दिले की चांगल्या एकाचा परिणाम जातो. उजेड, रंग आणि कडा छाटणं (क्रॉप) एवढी दुरुस्ती बातमीच्या फोटोत मान्य असते, वस्तू काढणं किंवा चेहरा बदलणं मान्य नसतं. लग्नातही हाच नियम पाळावा असं आमचं मत. मागची प्लास्टिकची खुर्ची फोटोत राहिली तर राहू दे. चेहरा इतका गुळगुळीत करू नये की पन्नाशीची आई तिशीची दिसावी.

कुटुंबांसाठी दोन-तीन गोष्टी. फोटोग्राफर ठरवताना निवडक वीस फोटो बघून भुलू नका, एका लग्नाचा पूर्ण संच मागा. पावसाळ्यातल्या बंद कार्यालयाचा असेल तर उत्तम. प्रत्यक्ष कोण येणार तेही विचारा. आवरायच्या खोलीत कधी यायचं, कुणाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हे आधीच लिहून द्या. ग्रुप फोटो हवेतच, पण त्यांची यादी पंधराच्या आत ठेवा आणि नावं पुकारायला खणखणीत आवाजाचा एक काका नेमा. एका ग्रुपला दोन मिनिटं धरली तरी अर्धा तास होतो. यादी नसेल तर दोन तास जातात, आणि त्या दोन तासांत विहीणपंगतीतले उखाणे सुटतात.

गृहप्रवेशालाही फोटोग्राफर हवा असेल तर त्याला वऱ्हाडाच्या मागून येऊ देऊ नका. माप ओलांडताना उंबऱ्यात जेमतेम तीन फूट जागा असते आणि बाहेरून फक्त पाठी दिसतात. तो दहा मिनिटं आधी घरात पोचलेला हवा, दाराच्या आत जमिनीवर बसलेला, २४ किंवा ३५ मिमी लावून, दाराबाहेरचा दिवा चालू करून घेऊन. तांदूळ सांडतो तो सासरच्या घरात, कॅमेऱ्याच्या दिशेनं.